जपूनचा पडदा परदेशी जातो

माझ्या भाच्याचं खरं नाव काय, हे आता त्याच्या बायकोलासुद्धा जरा थांबून आठवावं लागतं. आम्ही सगळे त्याला जपून म्हणतो. कारण तो शब्द त्याच्या तोंडातून कधी खाली उतरतच नाही. जिना उतरताना जपून, चहा पिताना जपून, समोरच्यानं शिंकायला तोंड उघडलं तरी जपून. बायकोशी पहिल्यांदा बोलला तेव्हा ती खुर्चीवर बसत होती. हा म्हणाला, "जपून, एक पाय हलतो." तिला वाटलं, अगबाई, किती काळजी घेणारा माणूस! वाटणारच. हा खुर्चीलासुद्धा तेच सांगतो, हे बिचारीला लग्नानंतर कळलं.

धंदा पडदे शिवायचा. गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान, दुकान कसलं, कापडाच्या तागांमध्ये कोरून काढलेलं भोक. त्यात एक मशीन, एक स्टूल आणि गळ्यात टेप टाकलेला आमचा जपून. खिडकीचं माप एकदा घेतो, मग परत घेतो, मग घरी जाऊन फोन करतो, "ताई, जरा तुमच्याकडच्या फूटपट्टीनं बघता का?" मी एकदा म्हटलं, "अरे, खिडकी काय रात्रीतून वाढणार आहे का?" तर म्हणतो, "मावशी, भिंत कधी कधी फसवते." आता बोला! पण पडदा मात्र असा शिवतो, की एक चूण इकडची तिकडे नाही. त्यानं शिवलेला पडदा एकदा लागला की तुमच्या घरात ऊन काय, उन्हाची बातमीसुद्धा येत नाही. जो माणूस आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकत आला, त्याला बाहेर बघायची हौस कुठून असणार?

आणि बायको कोण मिळाली? भूगोलाची शिक्षिका. हसू नका. तिला आम्ही नुसतं बाई म्हणतो, कारण अख्खी गल्ली तिच्या हाताखालून शिकली. बाईला हिमनदीचं भारी वेड. म्हणजे तो बर्फाचा अजस्र पट्टा, डोंगरावरून नदीसारखा खाली येतो, पण इतका सावकाश की बघणाऱ्याला थांबलेलाच वाटतो. फळ्यावर ती खडूनं अशी काढते, की पुढच्या बाकावरची पोरं हात चोळायला लागतात. तर एकदा वर्गात एका पोरीनं विचारलं, "बाई, ती सरकते तेव्हा आवाज येतो का?" बाई खडू फिरवत राहिली. पोरगी म्हणाली, "तुम्ही पाहिलीय ना?" बाई म्हणाली, "नाही." झालं, अख्खा वर्ग म्हणाला, "हॅऽऽ!"

तो 'हॅ' बाईच्या मनाला लागला. घरी येऊन तिनं सांगितलं, मला हिमनदीला कान लावून यायचंय. एकदाच. बाकी काही मागत नाही.

खरंच काही मागत नाही हो ती. म्हणून तर जपूनला नाही म्हणता येईना. त्यानं त्याच्या परीनं नाही म्हणून पाहिलं. कधी मशीन बिघडलंय, कधी गिऱ्हाईक अडलंय, मग भिंगरी लहान आहे. भिंगरी म्हणजे त्यांची लेक, माझी नात. नुकती पळायला लागलेली. चालायची पायरी तिनं गाळलीच. शेवटी बाईनं शाळेच्या सुट्टीतली तिकिटं काढूनच त्याच्या पुढ्यात ठेवली. विमानाची, हॉटेलची, आणि डोंगरावर तारेवरून जाणाऱ्या पाळण्याची. पाळण्याचं तिकीट एका ठरावीक सकाळचं. ती सकाळ हुकली की गेलं.

जपूननं तिकिटं उलटसुलट करून पाहिली, जणू अस्तर कुठाय ते शोधतोय. मग म्हणाला, "जाऊ. पण एक अट. भिंगरीला तिथं जरा जरी परकं वाटलं, तर डोंगर रद्द. हॉटेलात बसायचं आणि गपचूप घरी यायचं."

बाई म्हणाली, "कबूल."

"आणि मावशीला न्यायचं. भिंगरीला सवय आहे तिची."

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? माझी बॅग भरून तयार आहे, तिकीटही बाईनं आधीच काढलंय."

सवय म्हणजे काय, तेही सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. माझं घर त्यांच्या घरासमोर. दारासमोर दार. मधे बोळ. रोज सकाळी डोळे उघडले की भिंगरी पलंगावरून घसरते, बोळ ओलांडते आणि दोन्ही तळव्यांनी माझं दार बडवते. मी उघडलं की माझ्या हाताखालून आत. घरमालकीण थकलेलं भाडं मागायला यावी तसा थाट. स्वयंपाकघराशी माझं बुटकं स्टूल आहे, त्यावर बसते आणि तोंड उघडते. बोलत नाही, नुसतं उघडते. मग मी दुधात भिजवलेलं बिस्कीट त्यात सोडायचं. बिस्किटं संपली की बटणांचा डबा लादीवर उपडा करायचा, मला वेचायला लावायची आणि चालू पडायचं. निरोप नाही, आभार नाही.

तर भिंगरीला परकं वाटू नये म्हणून जपूननं काय करावं? घरच बरोबर घ्यायचं ठरवलं!

त्यांच्या झोपायच्या खोलीत पिवळा पडदा आहे, त्यावर राखाडी हत्ती. भिंगरी त्या हत्तींना 'आऽता काका', म्हणजे हत्तीकाका, म्हणून झोपते. जपूननं हॉटेलला फोन केला, खिडकीची लांबी-रुंदी विचारायला. तिकडची काउंटरवरची मुलगी तोडकंमोडकं इंग्रजी बोलत होती, हा त्याहून मोडकं. ती म्हणाली, "खिडकीतून काही आत आणायचं आहे का?" हा म्हणाला, "नाही, बाहेरचं बाहेर ठेवायचंय." तिनं माप दिलं खरं. यानं परत फोन करून खात्री करून घेतली तेव्हा मात्र तिनं साहेबांना बोलावलं.

मग त्याच हत्तींचा पडदा शिवला, नव्या मापाचा. मागे काळं, जाड, गुळगुळीत अस्तर, ते सुळसुळीत असतं ना, हातातून निसटणारं, ते. त्याशिवाय चादर घरची, उशी घरची, रात्रीचा दिवा घरचा. एवढ्यावर थांबेल तर जपून कसला? त्यानं मोबाइलमध्ये घरचे आवाज भरून घेतले. पंख्याची खरखर. पाण्याचा पंप. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांची चालू न होणारी स्कूटर. आणि माझा आवाज, "ए पोरी, बटणं खाऊ नकोस!"

मी म्हटलं, "अरे, मी येतेय ना बरोबर?"

"तुझा घसा बसला तर?"

विमानाचं फार सांगत नाही. बसल्या बसल्या त्यानं पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाला, "शिवण चांगली आहे." मग खिडकीकडे बघून त्याचा चेहराच पडला. "मावशी, पडदा नाही गं. नुसतं झाकण!" विमान धावायला लागलं तसा त्यानं माझा हात असा आवळला, की बांगड्यांची नक्षी मनगटावर उठली. भिंगरी? ती त्याच्या मांडीवर उभी राहून मागच्या रांगेला टाटा करत होती. मग तिला बापाचे मिटलेले डोळे दिसले. तिनं त्याच्या गालावर थोपटलं आणि म्हणाली, "नाई नाई." तो तिला पडल्यावर म्हणतो ना, अगदी तसंच.

हॉटेल डोंगराच्या पायथ्याशी. स्वच्छ, लाकडी, पायाखाली मऊ जाजम. त्यांची खोली बोळाच्या मधोमध, माझी वळणापलीकडे टोकाला. खोलीत पाऊल टाकलं आणि बाई थेट खिडकीशी गेली. समोर डोंगर. आणि डोंगराच्या मांडीवरून खाली येणारी ती. पांढरी, जरा निळसर, भेगाभेगांची. तिच्या फळ्यावरच्यासारखीच, पण फळा संपतच नव्हता.

"अहो, इकडे या, अहो, बघा तरी..."

"आलो आलो," म्हणत जपून आला, स्टुलावर चढला, बॅगेतून चिमटे काढले, आणि सर्रकन हत्ती! डोंगर गेला, हिमनदी गेली, राहिले राखाडी हत्ती. वर हा खाली उतरून मागे सरकून बघतो. "फिट्ट बसला! एक बोट कमी नाही, जास्त नाही."

बाई माझ्याकडे बघत होती. मी जाजमाकडे.

पण काय सांगू, त्याची युक्ती चालली! पंख्याची खरखर लावली, स्कूटर लावली, दिवा लावला, आणि भिंगरी 'आऽता काका' म्हणून जी आडवी झाली ती झालीच. जपूननं बायकोकडे असं पाहिलं, जणू हिमनदी त्यानंच शिवली होती. बाई हळूच म्हणाली, "म्हणजे परवाचा डोंगर पक्का?" तो म्हणाला, "अशीच राहिली तर पक्का." मग तिनं नवे बूट काढून दाराशी नीट लावून ठेवले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे.

आता दुसरी सकाळ. बाई अंघोळीला. जपून खाली दूध कोमट करून आणायला. त्या दाराला आपोआप बसणारं कुलूप होतं. आपण बाहेर, पोर आत आणि कुलूप बसलं तर? या भीतीनं त्यानं अस्तराच्या उरलेल्या तुकड्याची घडी केली आणि दाराच्या फटीत खोचली. दार उघडं राहावं म्हणून! मोबाइलवर पाण्याचा पंप चालूच.

भिंगरीनं डोळे उघडले. समोर हत्ती. खाली घरची चादर. कानात पंप. म्हणजे सकाळ झाली. पलंगावरून घसरली, दार ढकललं, बोळ ओलांडला आणि समोरचं दार बडवलं दोन्ही तळव्यांनी.

हे सगळं मला कसं माहीत? कारण मी वळणावर होते. चहा मिळतो का बघायला निघाले होते. मी बघतेय तोवर ते दार उघडलं. आत एक उंचनिंच आजोबा, अंगात हिरवा झगा, गालभर दाढीचा फेस, हातात वस्तरा. भिंगरीनं वर पाहिलं सुद्धा नाही. नेहमीप्रमाणे हाताखालून आत.

खरं तर मी लगेच हाक मारायला हवी होती. नाही मारली. मला बघायचं होतं, आणखी काय!

आजोबा वस्तरा धरून जागच्या जागी फिरले. आत त्यांची बायको, केसांत गुंडाळ्या, पलंगावर बसून मोजे चढवत होती. भिंगरीनं खोलीभर नजर टाकली. स्टूल? होतं, बूट काढायचं. त्यावर बसली आणि तोंड उघडलं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजी काहीतरी बोलल्या, मला अक्षर कळलं नाही, पण बायकांच्या त्या सुराला भाषा लागत नाही. 'बघत काय उभे राहिलात, लेकराला भूक लागलीय!' आजोबा धावले. कागदी पुडीतलं बिस्कीट काढलं. भिंगरीनं चावलं आणि तोंड परत उघडलं, आणि कपाळाला आठी. कोरडं होतं ना! आजोबांनी डोकं लढवलं आणि ते आपल्या चहात बुडवलं. आठी गेली.

एवढ्यात जपून दूध घेऊन वर आला. उघडं दार, रिकामा पलंग. मग जो गदारोळ झाला म्हणता! "भिंगरी! अगं भिंगरी! बाई, भिंगरी कुठाय?" बाई ओल्या केसांनी बाहेर. हा पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे, इतकंच काय, आपल्या दुधाच्या भांड्यातसुद्धा डोकावला. तेवढ्यात कानावर आला माझा दमदार आवाज, "ए पोरी, बटणं खाऊ नकोस!" तो माझ्या खोलीकडे धावणार, तर मी समोरून येतेय आणि तोंड मिटलेलं. मोबाइल बोलत होता हो! बिचारा मधल्यामधे गरगर फिरला.

मी त्याला खांद्याला धरून समोरच्या दाराकडे वळवलं. भिंगरी स्टुलावर विराजमान. एका बाजूला फेसवाले आजोबा गुडघे टेकून, दुसऱ्या बाजूला आजी, आणि जाजमावर आजींच्या पर्सची बरकत सांडलेली. डबा उपडा करायचा कार्यक्रम झालेला होता. भिंगरीनं बापाकडे पाहिलं आणि बोट दाखवून ओळख करून दिली, "फेश!"

जपूननं तिला उचललं. आजोबांना दहा वेळा मान लववली, दूध जाजमावर सांडलं, त्याबद्दल आणखी लववली. आजी हसून बडबडत होत्या. आजोबांनी हातवारे करून काहीतरी विचारलं. डोंगर दाखवला, तार दाखवली, पाळणा झुलवला, उद्याची सकाळ म्हणून गाल हातावर टेकून झोपून उठून दाखवलं. म्हणजे उद्या तेही वर चालले होते. तुम्ही येणार का?

जपून मला कुजबुजला, "मावशी, हे पाळणा वर गेला म्हणतायत की खाली पडला?"

खोलीत आल्यावर तो पलंगावर बसला. चेहरा उतरलेला. आता मला हसू येईना. म्हणाला, "संपलं. अट म्हणजे अट. उद्याचा डोंगर रद्द."

बाई म्हणाली, "अहो, पण तिला परकं कुठं वाटलं?"

"तेच तर! परक्यांच्या घरात शिरली आणि परकं वाटलं नाही! हे जास्त वाईट!"

"दार उघडं राहिलं म्हणून..."

"दार मीच उघडं ठेवलं. माहितीय मला. मी एवढं जपूनही हे असं होतं, तर वर त्या बर्फात काय होईल? मला नाही जमणार गं. खरंच नाही जमणार."

बाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दाराशी गेली, बूट उचलले, एकात एक घालून बॅगेच्या तळाशी ठेवले. वर घरची चादर.

ते बूट बघितले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ऐक रे शहाण्या. तू इथं घर इतकं हुबेहूब केलंस, की पोरगी घरीच राहिली. घरी असल्यावर सकाळी ती काय करते? समोरचं दार वाजवते. बरोबरच केलं तिनं. कमी एकच पडली, मावशी काही तुला हुबेहूब शिवता आली नाही!"

तो हसला नाही. बाई हसली. पण तोंड फिरवून.

म्हणून मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा आगाऊपणा केला. तसा तो मी घरीही करते, बाहेरही करते. कोट चढवला, त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "पोरीला टोपी-मोजे घाला, बोळात जरा फिरवून आणते." जपून म्हणाला, "बोळातच हं. हात सोडू नको." मी हात सोडला नाही, देवाशप्पथ. समोरच्या दारापाशी नेला आणि त्या दारावर ठेवला. दुसरा तिनं आपणहून ठेवला.

दार उघडलं. आजोबा आज बिनफेसाचे, जाड कोट, काठ्या, टोपी. भिंगरीला ओळख पटायला क्षणभर लागला. मग तिनं "फेश!" म्हणून त्यांचं बोट पकडलं, आणि पकडलं ते पकडलंच. आजोबा निघाले, ती निघाली. आजी निघाल्या, मी निघाले. जिन्याच्या तोंडाशी पोचल्यावर मी घसा साफ करून ओरडले, "अरे जपून! पोरगी डोंगरावर चालली बरं का!"

मागे जे धडाधडा ऐकू आलं, ते काय सांगावं. जपून एका पायात मोजा घालून आला. मग परत गेला, बूट घेतले. मग परत गेला, पडदा काढला, चिमट्यांसकट बगलेत मारला. त्याच्यामागे बाई. तिचे बूट हातात. आणि चेहरा! परीक्षेत एखाद्या पोराला शेवटच्या मिनिटाला उत्तर आठवतं ना, तसा.

"मावशी, थांबव तिला!"

"मी कशी थांबवू? त्यांचं बोट आहे!"

पाळण्याचं ठाणं हॉटेलला लागूनच. पाळणा म्हणजे काचेची खोलीच, सगळीकडून काच, अगदी गुडघ्याखालीसुद्धा. आजोबा आत, बोट आत, बोटाबरोबर भिंगरी आत. जपून दाराशी खिळला. तिकीटवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं. बाई आत जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

"जपून," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला ते नाव घेऊन हाक मारली. की सांभाळून ये म्हणाली, कोण जाणे. तो आत आला.

पाळणा सुटला आणि जमीन खाली गेली. जपूनचा रंग त्या काळ्या अस्तराच्या अगदी उलट, पांढराफटक झाला. मग त्यानं काय केलं माहितीय? बगलेतला पडदा काढला, वरच्या दांडीला चिमटे लावले, आणि लोक पैसे मोजून जे बघायला आले होते त्या काचेवर सर्रकन हत्ती ओढले! पाळण्यातली सगळी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. एक परदेशी मॅडम कॅमेरा डोळ्याला लावून बसली होती, तिच्या कॅमेऱ्यात हत्ती. मला हसू दाबता येईना, मी आजींच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याही थरथरत होत्या. हसूनच.

"अहो," बाई दात आवळून म्हणाली, "लोक बघतायत."

"बघू देत. मी पडद्याच्या आत आहे."

भिंगरीनं हत्ती पाहिले. ओळखीचे! आजोबांचं बोट सोडलं, दुडुदुडु आली आणि पडद्याची कड धरली. घरी बाप-लेकीचा हा रोजचा खेळ. तिनं पडदा तोंडावर ओढला, "बुवाऽऽ..." आणि झटक्यात बाजूला केला, "कुऽऽक!"

पडद्याबाहेर अख्खा डोंगर.

ती जागच्या जागी थबकली. असा कुक तिनं कधी पाहिला नव्हता. पडदा ओढला, हत्ती. "बुवाऽऽ..." सोडला, डोंगर. "कुऽऽक!" मग ती जी खिदळायला लागली, की पाळणाच हलतोय असं वाटावं. आजोबांनी सूर धरला, "बुवाऽऽ," आजींनी धरला, कॅमेऱ्यावाल्या मॅडमनं धरला. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, पण अख्खा पाळणा "कुऽऽक" म्हणत तारेवरून चालला होता.

आणि जपून? तो लेकीकडे बघत होता. आता लेकीकडे बघायचं म्हणजे तिच्यामागची काच थोडीच दिसायची राहते? पहिल्या कुकला त्यानं डोळे मिटले. पुढच्याला एक उघडा ठेवला. मग दोन्ही. डोंगर त्याला हप्त्याहप्त्यानं मिळाला. वरचं ठाणं आलं तेव्हा पडदा पूर्ण बाजूला होता, आणि तो बाईच्या कानाशी म्हणत होता, "अगं, तुझी ती... ती बरीच मोठी आहे गं. माप कसं घ्यायचं?"

वर हिमनदीच्या काठाशी माणसांसाठी एक सपाट तुकडा मोकळा ठेवला होता, भोवती दोऱ्या, बाजूला पोरांना खेळायला हलकासा उतार. बाई पुढे गेली. हातमोजा काढला, तळवा टेकला. मी विचारलं, "कशी आहे गं?" इतकी वर्षं हिमनद्या शिकवलेली बाई माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. म्हणाली, "मावशी, गार आहे!"

मग ती सरळ गुडघ्यांवर बसली, टोपी वर सारली आणि बर्फाला कान लावला. "गप्प बसा हं सगळे."

आम्ही गप्प. आजोबा-आजी गप्प. भिंगरीनंसुद्धा शेजारी पालथं पडून कान लावला, पण तोंड उघडं ठेवलं, न जाणो बिस्कीट आलं तर. जपून मात्र उताराच्या काठाशी पडदा अंथरत होता, लेकीला ओलं लागू नये म्हणून. हत्ती वर, अस्तर खाली. तिला उचलून त्यावर बसवलं, स्वतःही तिच्यामागे टेकला. मग बायकोकडे बघून त्याला राहवेना. "अगं, कान गारठेल," म्हणत तो जरा पुढे झुकला. "जपू..."

ते अस्तर! सांगितलं होतं ना, सुळसुळीत!

"...ऊऽऽऽन!"

पडदा सुटला. हत्ती, बाप, लेक, सगळे उतारावरून सूंऽऽ! बापानं लेकीला घट्ट कवटाळलेलं, टोपी उडालेली, तोंड उघडं, आणि त्यातून तो एकच शब्द लांबत लांबत डोंगरभर चाललेला. खाली मऊ भुसभुशीत बर्फाच्या ढिगात जाऊन थांबले. क्षणभर नुसते पांढरे. मग ढिगातून भिंगरीचं डोकं वर आलं.

"आन्खी!"

माझा श्वास परत आला तोवर बाई उठून बसली होती. एक कान लालभडक.

"ऐकलास का गं आवाज?" मी विचारलं.

"ऐकला." ती खाली बघत होती. आधी ओठ हलले, मग खांदे, मग ती पोट धरून बर्फातच कलंडली. "मावशी, मी वर्गात काय सांगू? आत कुठंतरी एक बारीक 'कर्रर्र' झालं. खरंच झालं. आणि मग हिमनदी म्हणाली, 'जपूऽऽन'!"

खाली जपून उभा राहिला. अंगावरचा बर्फ झटकला नाही. आधी लेकीचे हात-पाय तपासले, मग पडद्याची शिवण. दोन्ही शाबूत. मग पडदा खांद्यावर टाकला, लेक कडेवर घेतली आणि उतार चढायला लागला. मला वाटलं, आता हा सरळ पाळण्यात जाऊन बसणार. फेसवाले आजोबाही टाळ्या थांबवून बघायला लागले.

तो वर आला. उताराच्या काठाशी हत्ती परत अंथरले. चारी कोपरे ओढून सरळ केले, एक चूण राहू दिली नाही. भिंगरीला मधोमध बसवलं. मग बाईकडे बघून, दम खात, नाकावर बर्फ तसाच ठेवून म्हणाला,

"ये, पुढे बस. मी मागून धरतो. आणि मावशी, तू बघत काय उभी आहेस? ढकल ना!"